रानमांजराची शिकार टिपायला घेतलेला ट्रेल कॅमेरा: वसमतच्या शेतातला अनुभव

ट्रेल कॅमेरा, म्हणजे रानात बांधून ठेवला की समोर जनावर आल्यावर आपोआप चालू होणारा कॅमेरा, घ्यावा का, असं मला गावातल्या आणि पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. रात्री आपल्या रानात कोण येतं, किती वाजता येतं आणि काय नेतं एवढं कळायला हवं असेल तर जरूर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण रानमांजर घुशीवर झेप कशी घेतं ते बघायचं असेल, तर खोक्यावर लिहिलेल्या आकड्यांवर जाऊ नका. तो कुठे बांधायचा आणि सेटिंग काय ठेवायचं, यावरच सगळं अवलंबून आहे. आणि ते माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही.

आमचं शेत हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात, पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याखाली. हळद, ऊस, रब्बीला गहू-हरभरा. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मी गावरान कोंबड्या पाळते. गेल्या हिवाळ्यात त्या एकेक करून जायला लागल्या. मामंजी म्हणाले रानमांजर. सालगड्याचं म्हणणं बिबट्याचं पिल्लू. २०२० च्या नोव्हेंबरात बीडच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून आपल्याकडे उसातून पिवळसर काही हललं की लोक आधी बिबट्याच म्हणतात. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यापर्यंत आल्याच्या बातम्या. मग बाया संध्याकाळी रानात थांबेनात. कुणी म्हणे फासा लावा, कुणी म्हणे विष ठेवा. मला आधी बघायचं होतं, कोण येतंय ते. म्हणून कॅमेरा मागवला.

कंपनीचं नाव देत नाही. याच घडणीचे कॅमेरे ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. आतला माल बहुतेक सारखाच. किंमत साडेआठ-नऊ हजारांच्या घरात. सिमकार्ड नसलेला, आठ पेन्सिल सेलवर चालणारा, मागच्या बाजूला दोन इंची पडदा, शेवाळी रंगाचा प्लास्टिकचा डबा आणि झाडाला बांधायचा पट्टा. रात्रीचा उजेड ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. हे मात्र आवर्जून बघून घ्या. स्वस्तातले ८५० नॅनोमीटरवाले असतात, त्यांचे दिवे रात्री बारीक लाल दिसतात. जनावर कॅमेऱ्याकडे बघत उभं राहतं, आणि चोरालाही कॅमेरा कुठे आहे ते कळतं.

आता मुद्द्याचं. हा कॅमेरा सतत चालू नसतो. समोर उष्णता हलली की तो जागा होतो. आत एक सेन्सर असतो, त्याला मागची जमीन आणि पुढून जाणारं अंग यांच्या तापमानातला फरक जाणवतो. माणूस गेला, गाय गेली, डुक्कर गेलं की लगेच चालू. असे कॅमेरे अमेरिकेत हरणाच्या शिकाऱ्यांमुळे घरोघर पोचले आणि त्यांना वाटेनं चालत जाणारं हरीण पुरेसं होतं. मांजराचं तसं नसतं. शिकारीला बसलेल्या मांजराचं सगळं बळ न हलण्यात असतं, आणि कॅमेरा चालतो हलण्यावर. मांजर येतं, कॅमेरा चालू होतो, मांजर बिळापाशी दबून बसतं, वीस सेकंदांचा व्हिडिओ संपतो, कॅमेरा झोपतो. मग मांजर झेप घेतं. कॅमेरा पुन्हा जागा होईपर्यंत उंदीर तोंडात. खोक्यावर ०.२ सेकंदात चालू होतो असं लिहिलेलं असतं, पण ते फोटोचं. व्हिडिओ सुरू व्हायला माझ्या कॅमेऱ्याला चांगला सेकंदभर लागतो, आणि रानमांजराची झेप सेकंदाच्या आत आटोपते.

माझा मुलगा नांदेडला शिकतो. त्यानं मला अमेरिकेतल्या बॉबकॅटचे असेच व्हिडिओ दाखवले. बॉबकॅट म्हणजे आखूड शेपटीचं, कानांवर केसांचे झुबके असलेलं तिकडचं रानटी मांजर. दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत आढळतं. आपल्या रानमांजरापेक्षा अंगानं दांडगं, मुख्य खाणं ससे. पण पद्धत तीच. आडोशाला दबून बसायचं, नाहीतर पोट जमिनीला लावून जवळ सरकायचं आणि मग तीन मीटरपर्यंतची झेप. हिवाळ्यात ससे कमी पडले तर ते स्वतःपेक्षा मोठं हरीणही मानेला, गळ्याला धरून पाडतं. तेवढं मांस एका बैठकीत संपत नाही, म्हणून पालापाचोळा, गवत, बर्फ पंजानं ओढून त्यावर घालतं आणि पुन्हा येऊन खातं. वेळही ठरलेली: सूर्यास्ताच्या आधी दोन-तीन तास ते मध्यरात्र, आणि पुन्हा पहाटेपासून ऊन वर येईपर्यंत. मी ते व्हिडिओ नीट बघितले. त्यातही नव्वद टक्के नुसतं चालत जाणारंच बॉबकॅट आहे. झेप क्वचित. म्हणजे अडचण माझ्या एकटीच्या कॅमेऱ्याची नाही, या यंत्राचीच आहे.

तोड निघाली ती घुशीमुळे. मांजर हलत नसलं तरी घूस हलते. तीही गरम रक्ताचीच, आणि आठ-नऊ फुटांवर असली तर कॅमेऱ्याला दिसते. गव्हाच्या रानात धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून घुशींची बिळं होती, तोंडाशी ताज्या उकरलेल्या मातीचे ढीग. मी कॅमेरा तिथे नेला. लोखंडी खुंटी ठोकून जमिनीपासून फूटभर उंचीवर बांधला, बिळापासून आठेक फूट लांब. व्हिडिओ साठ सेकंदांचा, दोन व्हिडिओंमधलं अंतर सगळ्यात कमी म्हणजे पाच सेकंद. तोंड उत्तरेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगात शिरत नाही. वाटेवर लावायचा असेल तर वाटेला काटकोनात लावू नका, तिरका लावा. जनावर समोर जास्त वेळ राहतं.

मग जे मिळालं ते सांगते. पहिल्या व्हिडिओत नुसती घूस. बिळाबाहेर येते, गव्हाची ओंबी ओढते, आत जाते. दुसऱ्यातही घूस, पण उजव्या कोपऱ्यात धुऱ्याच्या गवतात दोन डोळे चमकतात. डोळे हलत नाहीत. पूर्ण मिनिटभर हलत नाहीत. फक्त एक कान मागे फिरतो, बहुधा कालव्यावरून एखादी मोटारसायकल गेली असावी, आणि पुन्हा पुढे येतो. तिसऱ्या व्हिडिओत घूस ढिगाच्या या बाजूला येते. त्यावेळी मांजर गवतातून निघतं ते आडवं नाही, वर. चारही पाय जमिनीवरून सुटतात, पाठीची कमान होते आणि पुढचे दोन्ही पंजे एकदम ढिगावर येतात. माती उडते. डोकं खाली जातं ते घुशीच्या मानेपाशी, आणि तिथेच काही क्षण थांबतं. घुशीचे मागचे पाय दोनदा झाडले जातात. मग मांजर मान वर करतं, घूस तोंडात, आणि जराही घाई न करता धुऱ्याकडे जातं.

हा व्हिडिओ मी घरात सगळ्यांना दाखवला. मामंजींनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

खातानाचा व्हिडिओ निराळ्या रात्रीचा, पण बघण्यासारखा तोही आहे. मांजराला आपल्यासारखं किंवा गाईसारखं चघळता येत नाही. दाढांना धार असते. वरची आणि खालची दाढ कात्रीसारखी एकमेकींवरून घसरते. म्हणून ते मान एका बाजूला कलती करतं, शिकार पंजाखाली दाबतं आणि गालाच्या कडेनं कापतं. डोक्याकडून सुरुवात. लहान उंदीर असेल तर चार-पाच हिसक्यांत संपला. घूस मोठी, तिला वेळ लागतो. सकाळी मी त्या जागी जाऊन बघितलं तर शेपटी आणि हिरवट आतड्याचा एक गोळा, बाकी काही नाही. रक्तसुद्धा नाही. बॉबकॅटसारखं पाला ओढून झाकून ठेवणं मी आमच्या मांजराचं एकदाही बघितलेलं नाही. झाकायला उरतच नाही काही.

२००४ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विष्ठा तपासून रानमांजर, कॅराकल नावाचं मोठं रानटी मांजर आणि कोल्हा काय खातात ते त्यात काढलं होतं. रानमांजराचं मुख्य खाणं उंदीर-घुशीच निघालं, आणि एक मांजर दिवसाला साधारण तीन ते पाच उंदीर खात असावं असा अंदाज त्यात होता. वर्षाचा हिशेब लावा. हजाराच्या वर जातो. हरभऱ्याच्या घाट्यांवर आणि उसाच्या बुडख्यांवर जगणाऱ्या हजारभर तोंडांचा बंदोबस्त, तोही फुकट. आमच्याकडे लोक बिळात ब्रोमाडायोलोनच्या वड्या टाकतात. त्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरतो. तो मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला की विष त्यांच्या पोटात. म्हणजे उंदीर मारणाऱ्यालाच आपण मारतो आणि पुढच्या हंगामाला पुन्हा वड्या आणतो. हे मी भावकीत आधीही सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं. व्हिडिओ बघितल्यावर दोघांनी तरी वड्या बंद केल्या. माझ्या लेखी कॅमेऱ्याची किंमत तिथेच वसूल झाली.

कोंबड्यांचं काय, असं विचाराल. खुराड्यासमोर कॅमेरा लावला तर दिवसाढवळ्या मुंगूस येताना दिसलं, पिल्लू उचलून नेताना दिसलं. रात्री गावातली मोकाट कुत्री. रानमांजरही आलं, खुराड्याभोवती चक्कर मारली, जाळीला नाक लावलं आणि गेलं. रानमांजर कोंबडी नेत नाही असं मी म्हणणार नाही. संधी मिळाली तर नक्की नेतं. पण सगळ्या कोंबड्या त्याच्या नावावर टाकणं खरं नाही. आम्ही खुराड्याला बारीक भोकाची वेल्ड जाळी लावली, ती खाली मातीत वीतभर गाडली, आणि अंधाराच्या आधी कोंबड्या आत घालायला लागलो. तेव्हापासून चोरी बंद आहे.

कॅमेऱ्यात रानमांजर ओळखायचं कसं, हेही सांगते, कारण बिबट्याची भीती खरी असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. अंग एकरंगी, मातकट-पिवळं, ठिपके नाहीत. पाय उंच, पायांवर पुसट पट्टे. शेपटी आखूड, टोकाला काळी, त्याआधी दोन-तीन काळी कडी. कानांच्या टोकाला थोडे काळे केस. मोठा बोकाही पाच-सहा किलोंचा. बिबट्याच्या पिल्लाला ठिपके असतात आणि शेपटी लांब असते. गोंधळ होतो तो रानमांजराच्या पिल्लांमुळे, कारण त्यांच्या अंगावर पट्टे असतात, पुढे ते जातात.

ऊसतोडीत हीच पिल्लं सापडतात. आमच्या शेजारच्या फडात फेब्रुवारीत तीन सापडली. टोळीतल्या पोरांनी ती पोत्यात घातली होती. मुकादम म्हणाला, बिबट्याची आहेत, आई येईल. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन लावला. त्यांनी सांगितलं, होती तिथेच ठेवा, हाताळू नका, माणसं लांब घ्या. खोलगट टोपल्यात घालून त्याच सरीत ठेवली आणि मी कॅमेरा लावला. रात्री साडेआठला आई आली. टोपल्याभोवती फिरली, बसली, उठली, मग एकेकाला मानगुटीला धरून कालव्याच्या बाजूच्या बेशरमाच्या झुडपात घेऊन गेली. तिसरं नेल्यावरही पुन्हा एकदा येऊन रिकामं टोपलं हुंगून गेली. दुसऱ्या दिवशी मुकादमानं तो व्हिडिओ टोळीतल्या सगळ्यांना दाखवायला मागून घेतला. रानमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लं घरी नेणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. पण त्या टोळीला कायद्यापेक्षा त्या आईनंच पटवलं, असं मला वाटतं.

आता कॅमेऱ्याच्या खोडी.

उन्हाळा ही सगळ्यात मोठी. एप्रिल-मेमध्ये दुपारी रान बेचाळीस अंशांवर जातं, जनावराचं अंग अडतीस-एकोणचाळीस. फरकच उरत नाही, तर सेन्सरला दिसणार काय? उलट तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की कॅमेरा चालू होतो आणि कार्ड नुसत्या गवताच्या व्हिडिओंनी भरतं. समोरचं दोन-तीन हातांतलं गवत काढून टाका आणि उन्हाळ्यात फक्त संध्याकाळी सहा ते सकाळी आठ अशी वेळ लावा. सेटिंगमध्ये ती सोय आहे. सेन्सरची संवेदनशीलताही हिवाळ्यात मध्यम आणि उन्हाळ्यात जास्त ठेवावी लागते.

सेल खूप खातो. साठ सेकंदांचा रात्रीचा व्हिडिओ म्हणजे साठ सेकंद दिवे चालू. साधे सेल आठवडाभरही धड टिकत नाहीत. माझ्या कॅमेऱ्याला बाहेरून बारा व्होल्ट द्यायची पिन आहे, तिथे फवारणी पंपाची बॅटरी जोडली आणि प्रश्न मिटला. पण आपल्या कॅमेऱ्यावर सहा लिहिलंय की बारा ते आधी वाचा. सहा व्होल्टवाल्याला बारा दिले तर तो जळेल.

चार फुटांच्या आतलं काही नीट दिसत नाही. रात्री जवळचं जनावर नुसतं पांढरं फटक येतं आणि धूसरही. दिव्यांवर टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली की बरंच सुधारतं.

पावसाळ्यात झाकणाचं रबर बसकं पडलं, भिंगाच्या आत वाफ धरली आणि बारीक मुंग्यांनी सेलच्या घरात माती भरली. विकणाऱ्याला कळवलं. वॉरंटी वर्षभराची, पण म्हणे दिल्लीला स्वतःच्या खर्चानं पाठवा, महिना-दीड महिना लागेल. ऐन खरिपात एवढं कोण करणार? वसमतलाच मोबाईल दुरुस्तीवाल्यानं साफ करून नवं रबर बसवून दिलं, दोनशे रुपयांत. विक्रीनंतरच्या सेवेला माझ्याकडून शून्य.

बायांसाठी एक गोष्ट खास लिहिते, कारण ती कुणी लिहीत नाही. कॅमेरा माणसालाही टिपतो, आणि आपल्या रानात पहाटे कोण कशासाठी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. ओढ्याकडे, वाटेकडे, पायवाटेच्या झुडपांकडे तोंड करून कॅमेरा लावू नका. मजुरांना, शेजाऱ्यांना कुठे लावलाय ते सांगा. माणूस आलेला व्हिडिओ न बघता पुसा, आणि कार्ड घरातल्या पोराटोरांच्या हातात देऊ नका. मी हे पहिल्या दिवसापासून पाळते, म्हणूनच शेजारच्या बाया आता स्वतःहून सांगतात, ताई, आमच्या धुऱ्याला पण लावा, घुशी लई झाल्यात.

फासा लावणाऱ्यांच्या हाती व्हिडिओ पडू नयेत म्हणून जागा सांगू नका, व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नका. टाकायचेच असतील तर महिनाभरानं टाका, मागची ओळखीची झाडं कापून.

घ्यायचाच तर खोक्यात आलेलं कार्ड बाजूला ठेवा. माझं अर्ध्यात अडकत होतं. चांगल्या कंपनीचं ३२ जीबीचं, क्लास १० लिहिलेलं कार्ड घ्या आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. सोबत लोखंडी दोरीचं कुलूप घ्या, तीनशेच्या आसपास मिळतं. दुसरा कॅमेरा परवडत असेल तर एकाच बिळासमोर दोन बाजूंनी लावा, एक झोपलेला असताना दुसरा जागा सापडतो. मी पुढच्या रब्बीला तेच करणार आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर यंत्राला साडेतीन. हंगाम म्हणाल तर गहू ओंबीवर असताना, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावा. रात्र थंड असते, सेन्सर तेज चालतो, घुशी धुऱ्याला जमलेल्या असतात आणि मांजर त्यांच्या मागे येतंच.